नवा कॉम्प्युटर, जुने स्पीकर: भंगारात देण्याआधी एवढं करून बघा

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि नागपुरातल्या बऱ्याच घरांतले जुने डेस्कटॉप एकदम निवृत्त झाले. त्यांच्या जागी पातळ लॅपटॉप आले, तळहातावर मावणारे मिनी पीसी आले. टेबलावर मागे राहिले ते स्पीकर: लाकडी डब्याचा वूफर (जाड, घुमणारा आवाज काढणारा मोठा स्पीकर) आणि त्यासोबतचे दोन छोटे, नाहीतर त्याहून जुनी, कॅसेटच्या डेकसोबत घेतलेली मोठी जोडी. ते घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलात तर उत्तर ठरलेलं असतं, "काका, हे जुनं झालं आता. ब्लूटूथवाला घेऊन टाका ना." नवीन विकणं हा दुकानदाराचा धंदा, त्याच्यावर राग नको. पण घाईही नको.

कारण समोरचा कॉम्प्युटर कोणत्या सालचा आहे हे स्पीकरला कळतच नाही. त्याच्यापर्यंत तारेतून येतो तो वरखाली होणारा एखाद्या व्होल्टचा दाब. तो १९९५ साली जसा होता तसाच आज आहे. घोडं अडतं ते तीनच जागी. पिन बसत नाही, किंवा कॉम्प्युटर आवाज दुसरीकडेच पाठवत असतो, किंवा स्पीकरमध्येच वयाप्रमाणे काही बिघडलेलं असतं. यातलं नेमकं कोणतं, हे आधी शोधायचं. बहुतेक तपासणीला एक रुपयाही लागत नाही, म्हणून खिशात हात शेवटी घालायचा.

पायरी १: हातात काय आहे ते ओळखा

स्पीकर पालथा करून मागची बाजू बघा. लाइटची वायर, ॲडॅप्टरचं भोक किंवा यूएसबीची शेपटी यांपैकी काही दिसलं तर आत ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प आहे. असा स्पीकर सरळ कॉम्प्युटरला जोडता येतो. जोडीतल्या एकाच स्पीकरला वीज लागते आणि दुसरा त्याच्यावर चालतो, हे अगदी नेहमीचं.

मागे फक्त लाल-काळ्या क्लिपा असतील, किंवा उघड्या टोकांची दुहेरी वायर असेल आणि विजेची काहीच सोय नसेल, तर तो ॲम्पशिवायचा स्पीकर. डेक, म्युझिक सिस्टीम आणि जुन्या स्टीरिओसोबत हेच यायचे. त्यांना ३.५ मिमीची पिन डाख देऊन लॅपटॉपला लावणारे महाभाग मी पाहिलेत. कान डब्याला चिकटवला तर डास गुणगुणल्याइतका आवाज येतो. हेडफोनच्या भोकातून येणारी ताकद तेवढीच असते. तुमचे स्पीकर असे असतील तर पायरी २ वाचून थेट पायरी ५ वर जा.

यूएसबीची शेपटी असली तर आणखी एक गोष्ट बघा: तिच्यासोबत ३.५ मिमीची पिनही आहे का? असेल तर यूएसबी फक्त विजेसाठी आहे आणि आवाज पिनेतून येतो. पिन नसेल तर आवाजही यूएसबीतूनच जातो. असे स्पीकर साधारणपणे कुठल्याही कॉम्प्युटरला लावले की लगेच ओळखले जातात. अडचण येते ती ज्यांच्यासोबत विंडोज एक्सपीच्या काळातली ड्रायव्हरची (कॉम्प्युटरला उपकरण चालवता यावं म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरची) सीडी आली होती आणि त्या सीडीशिवाय जे चालतच नव्हते, त्यांची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते, त्यामुळे जुने ३२ बिटचे ड्रायव्हर तिच्यात बसतच नाहीत. तिथे मात्र दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे.

पायरी २: आधी स्पीकर एकटा तपासा

नव्या कॉम्प्युटरला जोडण्याआधी स्पीकर जिवंत आहे की नाही ते बघायचं. ड्रॉवरमध्ये पडलेला, हेडफोनचं भोक असलेला जुना मोबाइल काढा किंवा टीव्हीचं हेडफोनचं भोक वापरा. तिथे आवाज आला तर स्पीकर ठणठणीत आहे, पुढची भानगड कॉम्प्युटरकडची. नाही आला तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही.

यातलं काहीच हाताशी नसेल तर मेकॅनिकची जुनी युक्ती करा. व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून स्पीकर चालू करा आणि मोकळ्या पिनेच्या टोकाला कोरडं बोट लावा. 'घूंऽऽ' असा आवाज आला तर आतला ॲम्प चालू आहे. पायात चप्पल असू द्या. पिनेला किंवा डब्याच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, प्लग काढा आणि तो सेट मेकॅनिककडे न्या.

सेट अजिबात चालूच होत नसेल तर पहिला संशय ॲडॅप्टरवर घ्या. घर बदलताना मूळ ॲडॅप्टर हरवतो आणि मग कोणीतरी राउटरचा ॲडॅप्टर लावून बघतो. लावण्याआधी दोन्हीकडचं लेबल वाचा. जुन्या २.१ (एक वूफर, दोन छोटे) स्पीकरांपैकी कितीतरींचा ॲडॅप्टर एसीच देतो, म्हणजे १२ व्होल्ट पण एसी. लेबलवर आउटपुटच्या ओळीत लाटेसारखी खूण असेल तर एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. एसी मागणाऱ्या सेटला डीसी दिला तर तो मुका राहू शकतो. उलट डीसी मागणाऱ्या सेटला एसी दिला तर आतलं काहीतरी जळणार. डीसीमध्येही मधली पिन धन आहे की ऋण, हे वर्तुळाच्या छोट्या चित्रावरून जुळवून घ्यायचं. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कमी चालत नाहीत.

मुलगा-मुलगी अमेरिकेत असलेल्या घरांसाठी खास सूचना: तिकडून आलेल्या स्पीकरच्या लेबलवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो लावू नका. दुसऱ्यांदा लावायची वेळ येणार नाही.

आता नागपूरचा म्हणून एक वेगळा आजार. मार्च ते जून हॉलच्या खिडकीला कूलर असतो आणि टेबल नेमकं त्याच्या झोतात. ओलसर हवा, तिच्यात खसची बारीक भुकटी आणि रस्त्यावरची धूळ, असं मिश्रण चार महिने स्पीकरवर बसतं. त्याची पहिली शिकार होते व्हॉल्यूमची खुंटी. फिरवताना खरखर, किंवा एका बाजूचा आवाज येतो-जातो, हे त्याचं लक्षण. वीज बंद करून खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं. नाहीच भागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणून खुंटीच्या मुळाशी थोडासा मारा आणि पुन्हा फिरवा. शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल घालू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ चिकटते आणि खुंटी कायमची जाते.

दुसरी शिकार वूफरच्या कडेची. जाळी निघत असेल तर काढा आणि कोनाभोवतीची (पुढच्या हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याभोवतीची) मऊ कड हलक्या हातानं दाबून बघा. ती फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तिचा चुरा झालेला असू शकतो. मग सेट चालतो, पण बास ऐवजी फडफड येते. रबरी किंवा कापडी कड असेल तर ती पुष्कळ टिकते. फोमची कड बदलून मिळते. मंडपवाल्यांचे आणि बँडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर हे काम रोज करतात. त्यांच्याकडे जा, कॉम्प्युटरच्या दुकानात याबद्दल कोणाला काही सांगता येणार नाही.

पायरी ३: पिन आणि भोक जुळवा

ॲम्पवाल्या स्पीकरची पिन बहुधा ३.५ मिमीचीच असते. हिरवी-गुलाबी रंगसंगती आली ती मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या 'पीसी ९९' या नियमावलीतून. पोपटी हिरवा म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाज, गुलाबी म्हणजे माइक, फिका निळा म्हणजे बाहेरून आत येणारा आवाज. त्याआधीच्या स्पीकरची पिन काळी किंवा राखाडी असते. त्यानं काही बिघडत नाही, रंग फक्त माणसांसाठी आहे. नव्या कॉम्प्युटरच्या मागची भोकं कधी सगळीच काळी असतात. तिथे हेडफोनचं चित्र किंवा बाहेर जाणारा बाण शोधा.

लॅपटॉपवर आता एकच भोक असतं आणि ते माइक-हेडफोन दोन्हींचं मिळून असतं. तुमच्या जुन्या पिनेवर दोन काळ्या रिंगा असतील आणि नव्या भोकाला तीन रिंगांची पिन अपेक्षित असेल, तरी घाबरू नका. दोन रिंगांची स्टीरिओ पिन तिथे व्यवस्थित चालते. फक्त ती पूर्ण आत जायला हवी. लॅपटॉपला जाड कव्हर असलं की जुनी गलेलठ्ठ पिन काठाला अडते आणि अर्धवट बसते. याचं लक्षण मजेशीर आहे: वाद्यं ऐकू येतात, पण गाणारा गायब! कव्हर काढून पिन दाबली की गायक परत येतो. पिन पूर्ण बसूनही असंच होत असेल तर आतली जमिनीची (ग्राउंडची) तार तुटली आहे. नवी पिन डाखून घ्यायची: टोक डावं, काळ्या रिंगांमधला पट्टा उजवं, बुडखा जमीन. दहा मिनिटांचं काम आहे.

डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या भोकावर विसंबू नका. स्वस्त कॅबिनेट जोडताना पुढच्या भोकाची आतली वायर लावायची बरेच जण विसरतात. मागचं हिरवं भोक वापरा.

लाल आणि पांढऱ्या अशा दोन गोल पिना असतील तर त्या आरसीए. लाल उजवा, पांढरा डावा. 'एका बाजूला ३.५ मिमी, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी' अशी केबल बर्डीवर मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमध्ये सहज मिळते. घेताना दुसऱ्या बाजूला पिना हव्यात की भोकं, हे आधी बघून जा. घरी येऊन परत बर्डीच्या पार्किंगमध्ये जागा शोधणं ही शिक्षा आहे.

आणि लॅपटॉपला भोकच नसेल तर? मग यूएसबी-सी ते ३.५ मिमी असा छोटा जोड लागतो. इथे लोक हमखास फसतात. हे जोड दोन जातींचे असतात. एका जातीत आत नुसत्या तारा असतात. तो जोड काही ठराविक मोबाइलवर चालतो आणि कॉम्प्युटरवर सहसा चालत नाही. दुसऱ्या जातीत कॉम्प्युटरच्या आकड्यांतून आवाज तयार करणारी चिप असते, तिला डीएसी म्हणतात. तुम्हाला तीच हवी. खोक्यावर डीएसी लिहिलंय का ते बघा. शक्य असेल तर लॅपटॉप आणि एखादा इअरफोन सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. आवाजाच्या यादीत नवं नाव दिसलं तर माल बरोबर. साध्या, चौकोनी यूएसबीचं छोटं साउंड कार्डही तेच काम करतं आणि त्यात फसवणुकीला वाव कमी. विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओचा दुसरा मानकही आतूनच चालतो, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही.

जोडताना एक शिस्त पाळा. व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर बंद, मग पिन लावायची, मग स्पीकर चालू. चालू सेटमध्ये पिन खुपसली की आत जाताना कड्या एकमेकींना टेकतात आणि जो 'धाड्' आवाज येतो तो जुन्या कोनाला सोसत नाही.

पायरी ४: आवाज कुठे पाठवायचा ते कॉम्प्युटरला सांगा

"वायर लावली, लाइट लागला, तरी काहून नाही वाजून राह्यलं?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे सापडतं. नवा मॉनिटर एचडीएमआयनं जोडलेला असतो आणि एचडीएमआयमधून चित्रासोबत आवाजही जातो. विंडोज तो मॉनिटरच स्पीकर समजते, मग त्या मॉनिटरला तोंड असो वा नसो.

विंडोज ११ मध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवं क्लिक करा, साउंड सेटिंग्ज उघडा आणि आउटपुटच्या यादीत मॉनिटरचं नाव सोडून 'स्पीकर' किंवा 'हेडफोन' निवडा. सोबत रिअलटेक असं नाव दिसेल, ती तुमच्या मदरबोर्डची आवाजाची चिप. विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबली तरी तीच यादी समोर येते. पिन लावताक्षणी 'कोणतं उपकरण जोडलं?' अशी खिडकी आली तर हेडफोन किंवा स्पीकर निवडा. घाईत माइकवर बोट गेलं तर शांतताच मिळेल.

मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये, आउटपुट. उबंटूवरही सेटिंग्जमध्ये साउंड. तत्त्व एकच.

तरीही आवाज नसेल तर एका विशिष्ट ॲपचा आवाज बंद आहे का ते व्हॉल्यूम मिक्सरमध्ये बघा. ब्राउझरच्या टॅबवर म्यूटची खूण तर नाही ना, तेही.

उलट्या बाजूनं हाच एचडीएमआय कामाला येतो. लॅपटॉपला भोक नाही, पण मॉनिटरच्या मागे हेडफोनचं भोक आहे, अशी स्थिती असेल तर आवाज मॉनिटरकडेच जाऊ द्या आणि स्पीकर मॉनिटरला लावा. जोड विकत घ्यायचा वाचला.

शेवटी पातळी जुळवा. कॉम्प्युटरचा आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या खुंटीनं करा. कॉम्प्युटर वीस टक्क्यांवर आणि स्पीकर फुल्ल असं ठेवलं तर गाण्यापेक्षा सळसळ जास्त ऐकू येते.

पायरी ५: ॲम्पशिवायची मोठी जोडी

माझ्या मते खरी किंमत इथेच आहे. जुन्या स्टीरिओची जाड प्लायवुडची पेटी आणि आठ इंची वूफर असेल, तर आजचा प्लास्टिकचा ब्लूटूथ डबा तिच्या जवळपासही येत नाही.

आधी जिवंत आहे का ते बघा. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, स्पीकरच्या दोन टोकांना दोन तारा लावा आणि सेलला क्षणभर टेकवून काढा. 'टक्' असा आवाज आला की कॉइल शाबूत. त्याच वेळी कोन बाहेरच्या बाजूला आला तर सेलचं धन टोक जिथे लावलं ते स्पीकरचं धन टोक. खूण करून ठेवा, पुढे लागेल. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६-७ दाखवतो आणि ४ ओहमचा ३ च्या आसपास. यानं दचकू नका, तसंच असतं.

आता ॲम्प. घरात त्याच जोडीचा जुना डेक किंवा ॲम्प्लिफायर चालू स्थितीत असेल तर नवीन काही घेऊच नका. त्याच्या मागे ऑक्स, टेप, ट्यूनर किंवा सीडी असं लिहिलेलं लाल-पांढरं भोक शोधा. यातलं कोणतंही चालेल. फक्त फोनो लिहिलेल्या भोकात जोडू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतं. आत आवाज खूप वाढवला जातो आणि बासही मुद्दाम उचललेला असतो. कॉम्प्युटर तिथे लावला तर फाटका, घुमणारा आवाज येतो आणि माणूस उगाच स्पीकरला दोष देतो.

मागे पाच टाचण्यांचं गोल भोक असेल तर ते डिन. त्यातली मधली टाचणी जमीन, आणि बाकीच्या चार म्हणजे दोन जोड्या: एक आत येणाऱ्या आवाजाची, एक बाहेर जाणाऱ्या. केबल करून घेताना हे कारागिराला सांगा. पहिल्या जोडीवर आवाज आला नाही तर दुसरी जोडी धरायची.

डेकला बाहेरून आवाज घ्यायची सोयच नसेल, पण कॅसेट वाजत असेल, तर कॅसेटच्या आकाराचा ॲडॅप्टर मिळतो. त्याला ३.५ मिमीची शेपटी असते. कॅसेट डेकमध्ये घाला, शेपटी लॅपटॉपला लावा, प्ले दाबा. आवाज अगदी काचेसारखा स्वच्छ नसतो, पण लागतो.

डेक गेलेलाच असेल तर छोटा क्लास डी ॲम्प घ्या. टीपीए३११६ या चिपवरचे बोर्ड डब्यासह मिळतात आणि १२ ते २४ व्होल्टच्या डीसी ॲडॅप्टरवर चालतात. खोलीपुरती जोडी वाजवायला ते भरपूर. पीएएम८४०३ चा नखाएवढा बोर्ड आणखी स्वस्त असतो, ५ व्होल्टवर चालतो, पण त्याची ताकद जेमतेम तीन वॉट. अभ्यासाच्या टेबलावर ठीक, हॉलला पुरणार नाही. दुकानदार शंभर-शंभर वॉटचे आकडे सांगेल. ते सोडून द्या आणि एवढंच विचारा, "चार ओहमचा स्पीकर चालते का याच्यावर?" किमान ८ ओहम मागणाऱ्या ॲम्पवर ४ ओहम लावला तर तो तापतो आणि मे महिन्यात लवकर तापतो.

वायर लावताना मघाची खूण वापरा. दोन्ही स्पीकरचं धन ॲम्पच्या धनाला. एकाची तार उलटी झाली तरी दोन्ही वाजतात, फक्त बास कुठेतरी हरवतो आणि आवाज पोकळ येतो. तसं वाटलं तर एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करून बघा. चालू ॲम्पची धन आणि ऋण तार एकमेकींना टेकू द्यायची नाही.

पाच-एकचा सेट

तीन पिनांचा ५.१ सेट (पाच स्पीकर आणि एक वूफर) लॅपटॉपच्या एका भोकाला लावायचा असेल तर फक्त हिरवी पिन लावा. पुढचे दोन स्पीकर वाजतील, आणि बऱ्याच सेटमध्ये वूफरही. सहाही हवे असतील तर ५.१ चं यूएसबी साउंड कार्ड लागेल. डेस्कटॉपला मागे तीन भोकं असतील तर बहुतेक रिअलटेकवर तीच भोकं भूमिका बदलतात: हिरवं पुढच्यांसाठी, निळं मागच्यांसाठी, गुलाबी मधल्या स्पीकर आणि वूफरसाठी. हे रिअलटेकच्या कन्सोलमधून ठरवावं लागतं. खरं सांगायचं तर गाणी दोनच बाजूंची असतात, गाण्यांसाठी एवढा खटाटोप करू नका.

घूं, खर्र आणि चिर्रर्र

वाजायला लागल्यावर पुढची तक्रार हीच असते, आणि इथे लोक चुकीच्या वस्तूंवर पैसे घालवतात. तपासणीचा क्रम असा ठेवा.

कॉम्प्युटरची पिन काढा, स्पीकर चालू ठेवा, खुंटी शून्यावर न्या. घूं तसंच राहिलं तर दोष स्पीकरच्या आत आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. आतली वीज डीसी करताना तिचे १०० हर्ट्झचे ठोके होतात आणि ते गिळायचं काम मोठ्या कंडेन्सरचं. उष्णतेनं कंडेन्सर वाळतो आणि ठोके स्पीकरपर्यंत पोचतात. मेकॅनिकला सांगा, "फिल्टरचा कंडेन्सर बदलून द्या." तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तितकेच किंवा जास्त. सुटा भाग स्वस्त असतो, मजुरी त्याच्याहून जास्त होईल. घरी उघडायला जाऊ नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज उरलेली असते.

पिन काढल्यावर घूं गेलं आणि लावल्यावर परत आलं, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. शांत झालं? मग अर्थिंगचा फेरा आहे. स्पीकर आणि चार्जर दोन वेगळ्या सॉकेटांतून जमिनीला जोडलेले असतात आणि त्यांच्यामधला थोडासा फरक ऑडिओच्या तारेतून वाहतो. दोघांनाही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांमध्ये आणि पूर्वीच्या वायरिंगच्या फ्लॅटमध्ये अर्थिंग नावालाच असतं, तिथे इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घेणं स्पीकरपेक्षा जिवासाठी महत्त्वाचं. एवढं करूनही राहिलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मधे लावा. तिच्यात दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात: आवाज जातो, जमीन जोडली जात नाही. प्लगची जाड अर्थची पिन तोडण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्याचं ऐकू नका. घूं जातं हे खरं, पण त्यासोबत करंटपासूनचं संरक्षणही जातं.

यूएसबीवर वीज घेणारे छोटे स्पीकर असतील आणि माउस हलवल्यावर चिर्रर्र होत असेल, तर वीज आणि आवाज दोन्ही एकाच लॅपटॉपमधून येताहेत. स्पीकरची यूएसबी मोबाइलच्या चार्जरला लावा. बहुतेक वेळा तिथेच संपतं.

कूलर किंवा त्याचा पंप चालू-बंद करताना 'टप्' येणं वेगळं. तो मोटरचा झटका विजेच्या लाइनवरून येतो. कूलर आणि स्पीकर एका बोर्डावर ठेवू नका. आणि ऑडिओची वायर उगाच लांब घेऊन तिचं वेटोळं करू नका. मोठ्या शक्तीचं मध्यम लहरीचं केंद्र असलेल्या आपल्यासारख्या गावात, रेडिओ नसलेल्या स्पीकरमधून आकाशवाणीचे निवेदक बोलताना जुन्या लोकांनी ऐकलेत. ती करामत लांब, उघड्या वायरीची असते.

ब्लूटूथ, हवंच असेल तर

नवा डबा घेण्यापेक्षा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. ३.५ मिमीच्या भोकाची ही छोटी वस्तू जुन्या स्पीकरला लावली की तोच सेट बिनतारी होतो. अर्थिंगचा फेराही आपोआप तुटतो. उणिवा दोन: सिनेमात ओठ आणि शब्द किंचित मागेपुढे होतात, आणि ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की आवाज अचानक टेलिफोनसारखा चपटा होऊ शकतो. रिसीव्हरला माइक असेल तर कॉम्प्युटर तो माइक वापरायला लागतो, म्हणून असं होतं. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा.

गणपतीत किंवा १४ एप्रिलला एकच मोठा स्पीकर गॅलरीत ठेवायचा असेल तर डावं-उजवं तारा एकत्र पिळून जोडू नका, कॉम्प्युटरच्या चिपवर ताण येतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ या वाटेनं जाऊन मोनो ऑडिओ चालू करा. दोन्ही बाजू एकाच स्पीकरमध्ये पूर्ण ऐकू येतील. दोन स्पीकर परत लावले की ते बंद करायचं लक्षात ठेवा.